एकही निगेटिव्ह बिघडवलेली नाही

आमच्या स्टुडिओत दोन गोष्टी रोज साचायच्या, धूळ आणि किस्से. धूळ निदान ब्लोअरने उडवता यायची. किस्से मात्र इतकी वर्षं झाली तरी जागचे हललेले नाहीत. एक सांगायला घेतला की त्याला चिकटून दुसरा येतो, दुसऱ्यामागून तिसरा. माझा नवरा पाहुण्यांना आधीच सावध करतो, "हिच्यासमोर 'निगेटिव्ह' हा शब्द काढू नका, जेवायला उशीर होईल." तर आता शब्द निघालेलाच आहे. एवढंच आधी सांगते की यातल्या बहुतेक किश्शांमध्ये मी तोंड उघडं टाकून उभी आहे.

हिंगोली जिल्हा नुकता वेगळा झाला होता, त्या दिवसांत मी मुंजाजी मास्तरांच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायला लागले. नवीन लग्न झालेलं, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि फोटोतलं मला काडीचं कळत नव्हतं. मास्तर साठीला टेकलेले. तीस वर्षं डार्करूममध्ये काढलेला माणूस, खिशाला पेनाऐवजी बारीक ब्रश. त्यांनी निगेटिव्ह स्कॅन करायचं मशीन घेतलं होतं. लोकांनी घरातल्या जुन्या निगेटिव्ह आणायच्या, मास्तरांनी त्या साफ करायच्या, मी स्कॅन करून त्यांचा फोटो काढून द्यायचा, असं काम होतं.

काउंटरच्या मागे, देवाच्या तसबिरीच्याही वर, मास्तरांनी स्वतः रंगवलेली एक पाटी होती. "येथे आजवर एकही निगेटिव्ह बिघडवलेली नाही." रोज सकाळी मास्तर स्टुलावर चढून आधी पाटी पुसायचे, मग देवाची तसबीर. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मास्तर, आधी पाटी?"

"देव बिघडत न्हाई," मास्तर म्हणाले. "निगेटिव्ह बिघडते."

मग मला नियम सांगितले. आधी हवा, मग ब्रश, मग स्पिरिट. पाणी लागलंच तर सगळ्यात शेवटी, आणि तेही नळाचं नाही, बॅटरीत घालतात ते. निगेटिव्ह धरायची ती कडेने, हातमोजे घालून. पुसायचं ते एकाच दिशेने, गोल गोल नाही. "आन् पदरानं पुसताना दिसली तर दुसऱ्या दिवशी येऊ नको." मला वाटलं होतं नोकरी कॉम्प्युटरची आहे.

* * *

पहिल्याच आठवड्यात नाथाबुवा आले. औंढ्याजवळच्या एका खेड्यात महादेवाचं लहानसं देऊळ आहे, तिथले ते गुरव. सोबत त्यांची लेक कमलताई, चाळिशीच्या आसपासची. बुवांनी उपरण्याची गाठ सोडून त्यातून एक चौकोनी तुकडा काढला आणि काउंटरवर ठेवला. मी पाहतच राहिले. ती निगेटिव्ह आहे हे मला कळेचना. लाल, जाड, खडबडीत काहीतरी होतं.

कुंकू होतं ते. अडतीस वर्षांचं.

हकिकत अशी. औंढ्याच्या यात्रेत बुवांनी आपल्या बायकोचा, सोजरबाईंचा, फोटो काढून घेतला होता. पडदा लावून फोटो काढणारा एक फोटोग्राफर तिथे यायचा. फोटो नंतर न्यायचा होता. तेवढ्यात कमलताईंच्या जन्माच्या वेळी सोजरबाई बाळंतपणातच गेल्या. दिवस उरकल्यावर बुवा फोटोसाठी गेले, तर फोटोग्राफर गाव सोडून गेलेला. शेजारच्या दुकानदाराकडे त्याने एक डबा ठेवला होता, त्यातून दुकानदाराने ही निगेटिव्ह काढून दिली. बुवांनी ती देवघरात ठेवली. रोज देवांना गंध लावायचं, तसं हिला कुंकू. बाई सवाष्ण गेलेली, तिला बिनकुंकवाची कशी ठेवायची?

"मंग आजवर फोटो काहून काढला न्हाई?" मास्तरांनी विचारलं.

"आधी बघवत नव्हतं," बुवा म्हणाले. "मंग ती कुंकवाखाली गेली."

आता कमलताईंच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तुळशीचं लग्न झाल्यावरचा मुहूर्त. कमलताईंनी जन्मात आईचं तोंड पाहिलं नव्हतं. मुलीच्या लग्नात आईचा फोटो पाटावर मांडायचा, त्याला पहिली अक्षत वाहायची, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. "मावशी सांगायची, आई अशी व्हती, आई तशी व्हती," त्या म्हणाल्या. "मला एकदा बघू द्या फकस्त."

निघताना बुवा परत वळले. "मास्तर, तिच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग हाय. रुपयायेवढा. घाण समजून पुसू नका."

मला हसू येत होतं. मास्तर हसले नाहीत. "फोटोतलं जे असतं ते फिल्मच्या आत असतं बुवा," ते म्हणाले. "वरून पुसून जात नसतं." तरीही त्यांनी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "गालावरचा डाग ठेवणे", आणि पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. कुंकू साफ करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि दुसरी निगेटिव्ह नव्हती. म्हणाले, "आधी शिकावं लागंल."

तीस वर्षांनी हा माणूस म्हणतो शिकावं लागेल, म्हणून मी थक्क.

* * *

दुसरा धक्का मास्तरांनीच दिला. गोरेगावचे एक गुरुजी वडिलांची निगेटिव्ह घेऊन आले. साफ होती, पण मागच्या बाजूला कपाळापासून हनुवटीपर्यंत एक सरळ ओरखडा. मी स्कॅन केली, तर स्क्रीनवर गुरुजींच्या वडिलांचे दोन भाग.

मास्तरांनी निगेटिव्ह उचलली, उजेडाकडे धरली. मग दुसऱ्या हाताचं मोजा काढलेलं बोट स्वतःच्या नाकपुडीच्या कडेला नीट चोळलं, आणि ते बोट गुरुजींच्या वडिलांवरून अलगद फिरवलं.

गुरुजी उभेच राहिले. "मास्तर, माझ्या वडिलांच्या तोंडाला तुमच्या नाकाचं तेल?"

"स्कॅन कर," मास्तर मला म्हणाले.

मी केली. ओरखडा गायब. नाकाच्या कडेचं ते पातळ तेल ओरखड्यात बसतं आणि उजेड सरळ जातो, जुने फोटोवाले हेच करायचे, हे मला नंतर कळलं. मला नियम सांगणाऱ्या माणसाने हातमोजा काढून नाकाचं तेल लावावं, हे माझ्या मनाला अजून पटायचं होतं. गुरुजी मात्र शिक्षक माणूस, लगेच सावरले. पिशवीत हात घातला आणि म्हणाले, "अजून आठ आहेत. पुरेल का?"

* * *

नरसीच्या एक बाई आल्या, राधाबाई म्हणू या. मुलाच्या बारशाच्या निगेटिव्ह घेऊन. पिशवीतून पाकीट, पाकिटातून धुतलेला रुमाल, रुमालातून पट्टी, असं एकेक उलगडत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं घाण कशी आणायची म्हणून घरीच धुवून आणलं."

मास्तरांचा चेहरा तेव्हाच उतरला. "कशानं?"

"कढत पाण्यात कपड्याचा सोडा टाकला, रातभर नव्हं, घंटाभरच ठुलं. मंग चिंच लावून घासलं. देवाची भांडी घासतो तसं." त्यांनी पट्टी खिडकीकडे धरली. "बघा तर, कसं आरपार दिसून राहिलं!"

खरंच आरपार दिसत होतं. समोरचं पिंपळाचं झाड, सायकलचं दुकान, सायकलीला हवा भरणारा माणूस, सगळं स्पष्ट. बारसं तेवढं दिसत नव्हतं. फिल्मवरचा तो थर, ज्यात पाळणा होता, बाळ होतं, आत्या होत्या, सगळा मोरीतून वाहून गेला होता.

आता या बाईंना सांगायचं कुणी? मास्तरांनी पट्टी हातात घेतली, पुन्हा रुमालात गुंडाळली आणि विचारलं, "बाई, बारशाला भाऊ आले व्हते का तुमचे?"

"व्हय की. मामाबिगर बारसं कसं हुईल?"

"त्यायच्याकडं फोटो असंल. त्यो घेऊन या. आपण फोटोवरून फोटो काढू." मग उठून पाणी प्यायले. राधाबाई महिन्याने भावाकडचा फोटो घेऊन आल्या. मास्तरांनी तो हातात घ्यायच्या आधी विचारलं, "धुतला तर न्हाई ना?"

* * *

मधल्या काळात नाथाबुवा दर बाजाराच्या दिवशी यायचे. बाकावर बसायचे, उपरण्याने तोंड पुसायचे आणि एकच शब्द विचारायचे, "आज?"

"आज न्हाई बुवा."

बुवा उठून जायचे. कधी चिडले नाहीत. त्यांच्या त्या शांतपणाची मला भीती वाटायची, खरं सांगते. राधाबाईंची ती काचेसारखी पट्टी पाहिल्यापासून तर ड्रॉवरकडे बघायलाही नको वाटायचं. तिथे कमलताईंची अख्खी आई होती, आणि आमच्याकडे स्पिरिटची एक बाटली.

इकडे मास्तरांनी अभ्यास सुरू केला. अभ्यास म्हणजे कसा, तर बाजारातून कुंकवाचा पुडा आणला, टाकाऊ निगेटिव्हचा गठ्ठा काढला, आणि रोज सकाळी पाटी पुसून झाली की एकेक निगेटिव्हला ओलं कुंकू लावायचं. जुनं दिसावं म्हणून उन्हात वाळवायच्या, मग उदबत्तीचा धूर द्यायचा. दुसऱ्या दिवशी कुंकवाचा दुसरा थर. काउंटरवर अशा वीस-पंचवीस निगेटिव्ह ओळीने मांडलेल्या, समोर उदबत्ती, आणि मास्तर डोळे बारीक करून एकेकीला कुंकू लावतायत.

शेजारच्या टेलरने दोन-तीन दिवस हे पाहिलं. चौथ्या दिवशी तो आत आला, चपला बाहेर काढून. गिऱ्हाईक नाहीसं बघून हळूच म्हणाला, "मास्तर, लई तकलीफ असंल तर सांगा. आमच्या ओळखीचा एक डॉक्टर हाय नांदेडला."

* * *

आता माझा किस्सा. तो सांगितल्याशिवाय नवरा मला सोडणार नाही.

मास्तर कुंकवावर स्पिरिट वापरून बघत होते, ते पाहून मला वाटलं आपणही घरी सराव करावा. स्पिरिट घरी नव्हतं. नेलपॉलिश काढायचं पाणी होतं. दोन्हीला सारखाच झणझणीत वास, दोन्ही हवेत उडून जातं. मी माझ्याच लग्नाची एक निगेटिव्ह घेतली, कापसाला ते पाणी लावलं, आणि अगदी नियमाप्रमाणे, कडेने धरून, एकाच दिशेने पुसलं.

फिल्म विरघळली. माझ्या डोळ्यांसमोर, कापसाला चिकटून, पापडासारखी वळली आणि नवऱ्याचं डोकं खांद्यापासून निघून कापसावर आलं.

मी रडत रडत सकाळी स्टुडिओत गेले. मास्तरांनी तो वळलेला तुकडा बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता नोकरी गेली. त्यांनी विचारलं, "हे कुठं झालं? घरी का इथं?"

"घरी."

मास्तरांनी वर पाटीकडे पाहिलं, सुस्कारा सोडला. "मंग बराबर हाय."

त्या दिवशी मास्तरांनी स्पिरिटच्या बाटलीला ओळखीचा दोरा बांधला आणि दुसरी कुठलीही बाटली दुकानात आणायची बंदी केली. नवऱ्याला मी घाबरत घाबरत सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे, त्या फोटोत मी तसाही चांगला आलो नव्हतो."

* * *

सूर्यग्रहणाचा किस्सा त्याच्याही आधीचा, पण आमच्याकडे आला तो तेव्हा. नव्वदच्या दशकातलं ते मोठं ग्रहण आठवत असेल. निगेटिव्हमधून बघितलं तर डोळ्याला काही होत नाही, असं कुणीतरी सांगून ठेवलं होतं. ते चूकच होतं, पण ऐकतो कोण? इथल्याच एका वकिलांच्या वडिलांनी घरातला लग्नाचा अख्खा रोल काढला, कात्रीने एकेक फोटो सुटा केला, चिमणीच्या काजळीवर धरून आणखी काळा केला आणि गल्लीत वाटला. देण्याघेण्यात सढळ माणूस.

लग्न वकिलांचंच होतं. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर बायकोने अल्बम मागितला तेव्हा ही गोष्ट बाहेर आली. वकीलसाहेब आमच्याकडे आले तेव्हा हातात चार काळेभोर तुकडे होते. मास्तरांनी ते पाहून कपाळाला हात लावला. काजळी पुसायची नसते, पुसली की ती कणाकणाने फिल्मवर ओरखडे काढत जाते. ती नुसत्या हवेने उडवायची, मग ब्रशने, श्वास रोखून. एकेका तुकड्याला अर्धा दिवस लागला.

त्यानंतर दोन महिने वकीलसाहेब कोर्ट सुटलं की गल्लीत घरोघर फिरायचे आणि विचारायचे, "ग्रहणाचा तुकडा ठेवलाय का हो?" आणि खरंच, लोकांनी ठेवले होते! कुणी पंचांगात, कुणी रेडिओखाली. सापडेल तसा तुकडा येऊन आम्हाला द्यायचे. एकदा मास्तरांनी विचारलं, "कुठवर आलं लग्न?"

वकीलसाहेब घाम पुसत म्हणाले, "नवरी मिळाली. नवरदेव पोस्टमनकाकांकडे आहे, ते गावाला गेलेत."

* * *

सगळेच धक्के वाईट नव्हते. एकदा सेनगावकडच्या एका तांड्यावरून रामधन राठोड म्हणून शेतकरी आले. सोबत औषधाची रुंद तोंडाची बाटली, बुचावर मेण लावलेलं. मास्तरांनी बूच काढलं. आत खाली कोरडे तांदूळ, त्यावर कागद, कागदात आईच्या आणि आजीच्या निगेटिव्ह, दोघींचे ते भरगच्च दागिने आणि आरशांची कांचोळी. पंचवीस वर्षांपूर्वीच्या. मास्तरांनी भिंगाखाली धरल्या आणि भिंग हातातच राहिलं. बुरशी नाही, डाग नाही, एक ओरखडा नाही. ब्रशसुद्धा लागला नाही, दोन फुंका हवेच्या पुरल्या.

"कोणी शिकवलं हे तुमाला?" मास्तरांनी विचारलं. तीस वर्षांत आपल्यासारखा एकही माणूस भेटला नाही, असं त्यांना वाटत असावं.

रामधनभाऊ गोंधळले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "बियाणं ठेवतो तसं ठेवलं," ते म्हणाले. "ओल लागली तर उगवत न्हाई ना."

मास्तरांनी त्या दिवशी स्वतः चहा सांगितला आणि रामधनभाऊंना आपल्या खुर्चीवर बसवलं. ते गेल्यावर मास्तर मला म्हणाले, "पुढच्या बाजाराला बुवाला म्हण, लेकीला घेऊन ये." ड्रॉवरची किल्ली त्यांनी त्याच संध्याकाळी वेगळी काढून ठेवली.

* * *

लग्नाला बारा दिवस राहिले होते. नाथाबुवा आणि कमलताई सकाळीच आले. मास्तरांनी काउंटर धुऊन पुसून त्यावर पांढरा कागद अंथरला होता. ब्रश, हवेचा फुगा, दोरा बांधलेली स्पिरिटची बाटली, कापूस, सगळं ओळीने. पाकीट उघडलं. हातमोजे घातले. तेवढ्यात बुवांनी हात पुढे केला.

"मास्तर, राग नका मानू. तिचं कुंकू गड्यामाणसाच्या हातानं पुसायचं न्हाई." ते माझ्याकडे वळले. "ही लेक सवाष्ण हाय. हिच्या हातानं उतरू द्या."

मी मास्तरांकडे पाहिलं. नाही म्हणतील असं वाटलं, कारण मी नवऱ्याचं डोकं विरघळवलेली बाई. मास्तरांनी हातमोजे काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "हात कापत असला तर आधी पाणी पी."

कमलताईंना ते बघवेना. "मी बांगड्यायच्या दुकानात जाऊन येते," म्हणाल्या आणि गेल्या. बुवा बाकावर बसले.

दोन तास लागले. आधी हवा. मग ब्रश, केसाएवढ्या ताकदीने. सुकलेलं कुंकू कागदावर पडत गेलं आणि बुवा पडेल तेवढं पुडीत भरून घेत गेले. मग मागच्या बाजूला स्पिरिट, एकाच दिशेने. पुढच्या बाजूला कुंकू थरात रुतलं होतं, तिथे बॅटरीच्या पाण्याचा एकेक थेंब, मास्तर कानाशी मोजत होते, "थांब. आता घे. थांब." त्यांचे हात काउंटरखाली आपोआप माझ्या हातांसारखे हलत होते. मला दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त पाकिटावरची अक्षरं दिसत होती, "गालावरचा डाग ठेवणे".

फिल्म वाळली. मशीनमध्ये घातली. स्क्रीनवर वरून खाली एकेक ओळ उतरत आली. आधी पडद्यावरची रंगवलेली कमान, मग चापूनचोपून बसवलेले केस, मग कपाळ. कपाळावर फोटोतलं, तिचं स्वतःचं कुंकू. मग डोळे, सरळ आमच्याकडे बघणारे, जेमतेम विशीची बाई. बुवा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे होते.

मग बुवा म्हणाले, "डाग?"

मी गालाकडे पाहिलं. गाल स्वच्छ होता. मी फोटो डावा-उजवा उलटून पाहिला, न जाणो उलटी स्कॅन झाली असेल. दुसरा गालही स्वच्छ. मास्तरांनी निगेटिव्ह काढली, भिंगाखाली धरली, उजेडाकडे धरली, पुन्हा भिंगाखाली.

"बुवा," ते हळू म्हणाले, "फिल्म साबूत हाय. काहीच गेलेलं न्हाई. इथं डाग कधी नव्हताच."

"मोठं करा," बुवा एवढंच म्हणाले. मी चेहरा मोठा केला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. अडतीस वर्षांची सकाळची पूजा त्या स्क्रीनवरून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी उपरणं तोंडावरून फिरवलं.

"चांगल्या घरची दिसती," ते म्हणाले.

मला त्या दुकानदाराकडचा डबा आठवला, त्यात यात्रेतल्या कितीतरी बायकांच्या निगेटिव्ह असणार. तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या आणि कमलताई आत आल्या. दोन्ही हात भरून हिरवा चुडा. त्या काउंटरला वळसा घालून सरळ स्क्रीनपुढे आल्या आणि थांबल्या. हात काचेपर्यंत नेला, पण लावला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"दादा," त्या वडिलांना म्हणाल्या, "नाक तर माहंच हाय."

बुवांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. "व्हय," ते म्हणाले. "बराबर तुहंच."

कमलताई बघत राहिल्या. बघता बघता त्यांनी स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावलं. "अन् डाग? मावशी म्हणायची गालावर डाग व्हता. तुमीबी म्हणले."

बुवांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं.

"डाग गेला ताई," मास्तर म्हणाले. "साफ करताना गेला. माह्या हातून गेला. माफी करा."

मी तोंड उघडलं. मास्तरांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला, आणि मी तोंड मिटलं.

कमलताईंनी डोळे पुसले. त्या सातवी शिकलेल्या, वाचता येत होतं. त्यांची नजर वर भिंतीकडे गेली आणि तिथे थांबली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट त्या दिवशी त्यांच्याइतकं आनंदी माणूस हिंगोलीत नसेल.

"मंग ती पाटी आता काढावी लागंल की मास्तर," त्या म्हणाल्या.

"व्हय," मास्तर म्हणाले, "काढावी लागंल."

त्यांनी स्टूल ओढलं आणि वर चढले. स्टुलाचा एक पाय आखूड होता, ते डुगडुगत होतं. नाथाबुवांनी पुढे होऊन ते दोन्ही हातांनी धरलं.